वाचवलेलं वर्ष

१२ जानेवारी

एमॉस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न फोडताच कचऱ्यात टाकू नकोस. कोणी मेलेलं नाही, कोणी आजारी नाही, आणि तू घरी ये असं सांगायलाही मी लिहीत नाहीये. तीन वर्षं लिहिलं नाही आणि आजच कसं सुचलं, असं तू म्हणशील. काम आहे म्हणून. बघ, निदान खोटं तरी बोलत नाहीये.

तुझ्या धाकट्या बहिणीला, केझायाला, स्टेट कॉलेजात जागा मिळाली आहे. जनावरांची डॉक्टर व्हायचंय तिला. तू गेलास तेव्हा ती शेळ्यांच्या मागे नुसती नाचायची, आता बघशील तर ओळखायचा नाहीस. मागच्या वसंतात आपली म्हातारी शेळी क्लोव्हर अडली होती. पिल्लू आडवं. डॉक्टर येईपर्यंत हिने कोपरापर्यंत हात घालून ते वळवलं आणि ओढून बाहेर काढलं. डॉक्टर आला, पिल्लाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "मला कशाला बोलावलंत मग?" त्या दिवसापासून पोरीच्या डोक्यात हेच आहे.

आता तुझ्या बाबांचं ऐक. जाऊ दे म्हणतात, पण दोनच वर्षं. "एकाला चार वर्षं दिली, तो परत आला नाही. हिला दोन देतो. तेवढ्यात जमवा नाहीतर घरी बसा." मी पुष्कळ डोकं आपटलं, पण डेल एकदा बोलला की बोलला, तुला वेगळं सांगायला नको.

म्हणून मी दुसरी वाट काढली आहे. आपल्या चर्चमधल्या टकरबाईंच्या तिन्ही मुलांनी हेच केलं. कॉलेजला जायच्या आधीच परीक्षा द्यायच्या. जो विषय पास होईल त्याचं क्रेडिट खात्यावर जमा, तो पुन्हा शिकायला नको. पहिली दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावरच आटपायची आणि सरळ तिसऱ्या वर्षात जाऊन बसायचं. एक परीक्षा शाळांमधून होते, मे महिन्यात, तिला एपी म्हणतात. पण तिच्यासाठी गावच्या हायस्कूलकडे खुर्ची मागावी लागते. तुझे बाबा म्हणाले, "ज्या शाळेत पोरं घातली नाहीत, घरीच शिकवली, तिच्या दारात आता परीक्षेपुरता जाऊ? मरेन पण जाणार नाही." दुसरी ती क्लेप. ती कधीही देता येते, जवळच्या कम्युनिटी कॉलेजात संगणकासमोर बसून, आणि निकाल तिथल्या तिथे.

मला एवढंच सांग, कुठकुठले विषय असे उरकावेत? आपल्या घरात कॉलेज बघितलेला तूच एक. ईमेल करू नकोस, ती बाबा वाचतात. फोन माझ्या मोबाइलवर कर, संध्याकाळी. त्या वेळी मी गोठ्यात दूध काढत असते.

तुझी आई,
रॉंडा


३ फेब्रुवारी

एमॉस,

तू फोन केलास. मला वाटलं नव्हतं. तुझा आवाज किती जड झालाय रे, आधी मला वाटलं बँकेचा माणूस आहे.

मध्येच फोन ठेवला म्हणून राग धरू नकोस. बाबा चाऱ्याचं पोतं घेऊन दारात उभे राहिले. "कोण?" म्हणाले. मी म्हटलं, "चुकीचा नंबर." त्यांनी पोतं टाकलं आणि निघून गेले. मग मी बराच वेळ त्या शेळीच्या कुशीला डोकं लावून बसले. पोटच्या पोराला चुकीचा नंबर म्हटलं मी. असो.

पण तुझं सगळं ऐकलंय. इतिहास, समाजशास्त्र, इंग्रजी, मानसशास्त्र हे परीक्षेने उरकायला हरकत नाही. बायॉलॉजी आणि केमिस्ट्री मात्र मुळीच नाही. ते तिने पहिल्या वर्षाच्या पोरांबरोबर वर्गात बसून, प्रयोगशाळेत हाताने करावं. दोनदा सांगितलंस. पाणी तपासायच्या तुझ्या लॅबमध्ये अशी पुस्तकी मुलं येतात आणि पहिल्या आठवड्यात काचा फोडतात, हेही सांगितलंस. कळलं बाबा. मी काही बहिरी नाही.

तुझं म्हणणं मी केझीच्या कानावर घातलं आहे. तुझं नाव काढल्यावर पोरीचा चेहरा असा उजळला! "एमॉस स्वतः म्हणाला?" हे तीनदा विचारलं. तुझ्या नाताळच्या कार्डांची ती अजून पुस्तकात खूण घालते, तुला माहीत आहे का?

तुझी आई


१९ एप्रिल

एमॉस,

पास! पास! इतिहास पास, समाजशास्त्र पास, आणि काल मानसशास्त्र!

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बाहेर पिकअपमध्ये बसून होते. घरून आणलेलं बिस्किट तसंच हातात. ती दारातून बाहेर आली तर तोंड एवढंस्सं. जवळ आली आणि म्हणाली, "आई, पन्नास लागतात ना? मला बहात्तर आहेत." मेली, मुद्दाम तोंड पाडून आली होती! मी अशी किंचाळले की पार्किंगमधल्या एका बाईने मदत हवी का म्हणून विचारलं.

सगळे निकाल फ्रिजवर लावले आहेत. येता-जाता वाचते. परवा टकरसाहेब आले तेव्हा बाबांनी त्यांना पाणी द्यायच्या निमित्ताने फ्रिजसमोर नेऊन उभं केलं. मी बघितलं ना.

आता एक बोलते, आणि बोलल्याशिवाय मला राहवणार नाही. तू शेवटचा या टेबलावर बसलास तेव्हा काय म्हणालास? "या टेबलावर शिकलेलं सगळं मला तिथे जाऊन विसरावं लागलं. मला गणितात मागच्या वर्गात बसवलं. तू आम्हाला काही शिकवलंच नाहीस, आई, नुसतं शिकवल्यासारखं केलंस." बाबा त्यावर म्हणाले, मग या टेबलावर बसू नकोस. आणि तू उठलास. त्यांचं बोलणं तुला लागलं हे खरं. पण तुझं मला किती लागलं ते कोणी विचारलं नाही. बारा वर्षं मी रोज सकाळी भांडी बाजूला सारून तुमच्यासमोर पुस्तक उघडलं होतं. स्वतः हायस्कूलच्या पुढे न गेलेली बाई मी. रात्री धडा वाचायचा आणि सकाळी तुम्हाला सांगायचा.

म्हणून हे गुण तुला कळवते. कळू दे की. निम्मी पास तर मीच झाले आहे.

आई


२८ जून

एमॉस,

आधी सांगते, रागावू नकोस.

केझीने बायॉलॉजी दिली. केमिस्ट्रीही दिली. दोन्ही पास, आणि काठावर नाही, चांगली पास. तिचाच हट्ट. मी काय करणार? अठरा वर्षांची घोडी झाली आहे, ऐकते का कोणाचं! आणि हिशेब बघ ना, ते दोन विषय धरल्याशिवाय दोन वर्षं वाचतच नव्हती. ते सोडले की तिसरं वर्ष लागलं असतं, आणि तिसरं म्हटलं की बाबांनी नाहीच म्हटलं असतं. मग डॉक्टरही नाही आणि कॉलेजही नाही. असं होऊ द्यायचं का?

आणि तिने किती मेहनत केली ते तू बघितलं नाहीस. मी प्रश्न विचारायचे, ती दूध काढता काढता उत्तरं द्यायची. आम्ल, अल्कली, क्षार. गोठ्यातल्या शेळ्या आता केमिस्ट्रीत पास होतील. प्रयोगांचं म्हणशील तर पुस्तकात चित्रं होती. बाणांनी सगळं दाखवलेलं होतं.

तू उत्तर लिहू नकोस या पत्राला. म्हणजे लिही, पण रागाचं लिहू नकोस.

आई


२४ ऑगस्ट

एमॉस,

पोचवून आलो तिला. घरी शिरले तर घर खायला उठलं. आता सकाळी पुस्तक उघडायला समोर कोणी नाही. सवयीने भांडी बाजूला सारली आणि मग लक्षात आलं.

कॉलेजचं आवार छान आहे. पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना पिवळे शर्ट वाटत होते. हिरवळीवर शेगडी मांडून हॅम्बर्गर भाजत होते. पोरंपोरी एकमेकांची नावं विचारत होती, हसत होती. केझी रांगेत उभी राहिली. शर्ट वाटणाऱ्या मुलीने यादी बघितली आणि म्हणाली, "तू तिसऱ्या वर्षाची आहेस ना? हे नव्या मुलांसाठी आहे." केझी म्हणाली, "मी नवीच आहे." ती मुलगी पुन्हा यादी बघायला लागली, तेवढ्यात तुझे बाबा मोठ्याने म्हणाले, "आमची मुलगी पुढे गेली आहे! तिला नको शर्ट!" सगळे वळून बघायला लागले. केझी रांगेतून बाहेर आली.

राहायलाही मोठ्या मुलींच्या इमारतीत दिलं आहे. खोलीतली मुलगी बावीस वर्षांची, लग्न ठरलेलं, शनिवार-रविवार गायब. तिथला सल्लागार मात्र खूश होता. म्हणाला, "अरे वा, पाया सगळा झालेला दिसतोय," आणि तिला सरळ पुढच्या केमिस्ट्रीत घातलं, प्रयोगशाळेसकट. मी बाजूला बसले होते. तेव्हा बोलायला हवं होतं मी. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "घरी शिकवलंत? तुम्ही?" आणि मी म्हटलं, "हो, मीच." फार अभिमानाने म्हटलं.

निरोप घेताना ती रडली नाही. म्हणाली, "आई, एमॉसचा नंबर दे ना मला. तुझ्या फोनमध्ये आहे ते मला माहीत आहे." मी दिला. ती फोन करेल तुला. कर म्हण तिला.

आई


१५ ऑक्टोबर

एमॉस,

तुझा काहीच निरोप नाही. केझीने तुला फोन केला का, तेही कळत नाही. मला आता आठवड्यातून एकदा करते, आणि तोही "बरं आहे, हो, जेवले, हो" एवढाच.

परवा मात्र दुपारीच आला. मी चीज गाळत होते. पलीकडून अगदी हळू आवाजात, तोंडावर हात धरून बोलल्यासारखं, "आई, ब्युरेट कशी धरायची गं?"

मी म्हटलं, काय?

"ब्युरेट. काचेची लांब नळी. सगळ्यांची सुरुवात झाली आहे. मी बाथरूमला जाते सांगून बाहेर आले. माझ्याबरोबर जोडी लावलेला मुलगा म्हणतो, हे तर पहिल्या वर्षी शिकवतात, तुला कसं येत नाही? मी कोणाला विचारू, आई?"

एमॉस, मी हात पुसले आणि पुस्तक शोधलं. तेच, टेबलावरचं. पान काढलं आणि तिला चित्र वाचून दाखवायला लागले. डाव्या हाताने तोटी, उजव्या हाताने फ्लास्क, बाण इकडे, बाण तिकडे. मला स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आई, थांब. राहू दे." आणि फोन ठेवला.

ज्या पोरीने आडवं पिल्लू आतल्या आत वळवून काढलं, तिचे हात तिथे एका नळीपुढे अडले. हात तिचे चांगले होते रे. त्यांना कोणी दाखवलं असतं तर एका दुपारचं काम होतं.

तू तिला जाऊन भेटशील का? तुझ्यापासून गाडीने फार लांब नाही.

आई


३० नोव्हेंबर

एमॉस,

तुझं पत्र मिळालं. तीन वर्षांत पहिलं, आणि त्यात एकच ओळ. "मी तिला असं कधीच सांगितलं नव्हतं."

थँक्सगिव्हिंगच्या सणाला मी तिचं ताट मांडलं होतं. टर्की थंड झाली तरी बाबा सुरी घेऊन बसून होते, एवढ्यात येईल म्हणून. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून कळलं की तिने महिन्यापूर्वीच वर्गात जाणं सोडलं आहे. आणि मग तुझी ओळ आली. म्हणजे ती तुझ्याकडे आहे. देवाची कृपा, निदान कोणाकडे तरी आहे.

काय झालं असेल ते माझ्या डोळ्यांपुढे दिसतं. तुझ्या दारात उभी राहून ती तुझ्यावर ओरडली असेल. "तूच म्हणालास ना, सगळ्या परीक्षा देऊन टाक! तूच म्हणालास, बायॉलॉजी-केमिस्ट्रीसुद्धा दे, काही अडत नाही!" आणि तू आ वासून बघत राहिला असशील.

मी सांगितलं तिला तसं. तू फोनवर नको म्हणालास, आणि गोठ्यातून घरात येईपर्यंत मी त्याचं हो केलं. ती स्वतः घाबरत होती, एमॉस. जूनमधला तिचा हट्ट वगैरे सगळं खोटं. ती म्हणत होती, "आई, केमिस्ट्री मी तिथेच शिकते, मला हाताने केल्याशिवाय कळत नाही." मी म्हटलं, एमॉस म्हणतो की दे. तुझ्या नावावर ती विहिरीतसुद्धा उतरली असती. मला ते माहीत होतं, म्हणून तर तुझं नाव घेतलं.

बाबांच्या दोन वर्षांसाठी केलं असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होते. तेही होतंच. पण एवढंच असतं तर मी त्यांच्याशी भांडले असते, मला काही भांडता येत नाही असं नाही. खरं म्हणजे तो फ्रिज भरायचा होता मला. तुला दाखवायचा होता. तू त्या टेबलावर बोललास त्याचं उत्तर मी तुझ्या बहिणीच्या हातून लिहून घेत होते.

ती माझा फोन उचलत नाही. उचलू नये तिने. पण जेवते का एवढं कळव. भाजलेली रताळी आवडतात तिला, वरून लोणी.

आई


१४ डिसेंबर

एमॉस,

तू कळवलंस की जेवते. एवढ्यावर मी दोन दिवस काढले.

काल मी एकटी कॉलेजात जाऊन आले. बाबांना सांगितलं, जनावरांच्या औषधाला जाते. त्या सल्लागाराने मला ओळखलं. "घरी शिकवणाऱ्या आई ना तुम्ही?" म्हणाला. मी म्हटलं, "नाही शिकवलं मी. ब्युरेट कशी धरतात ते मला आजही माहीत नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले." तो बिचारा गोंधळला. खुर्ची पुढे केली, पाणी आणलं.

मग त्याने जे सांगितलं ते नीट ऐक, आणि तिला सांग. परीक्षेने मिळालेली क्रेडिटं घ्यायलाच हवीत असं नाही. तिने स्वतः लिहून दिलं तर ते विषय तिच्या खात्यावरून काढून टाकतात, जणू कधी दिलेच नव्हते. मग जानेवारीत ती पहिल्या केमिस्ट्रीला बसू शकते, सगळ्यांत पहिल्या धड्याला, जिथे काचेची नळी कशी धुवायची इथपासून सुरू होतं. त्याने हेही सांगितलं की जनावरांच्या डॉक्टरकीच्या पुढच्या कॉलेजाला हे विषय प्रयोगशाळेत केलेलेच लागतात, आमची ती क्रेडिटं तिथे कोणी विचारलीही नसती. एमॉस, हे विचारायला मला कोणी अडवलं होतं? या वर्षीच्या जानेवारीतच एक फोन केला असता तर पुरलं असतं.

परत येऊन बाबांना सगळं सांगितलं. तुझ्या फोनपासून आजपर्यंत. ते जेवत होते. मी म्हटलं, "डेल, तिला चार वर्षं लागणार आहेत." ते म्हणाले, "मी दोन म्हटलं होतं." मी म्हटलं, "तुझ्या दोन वर्षांनी आणि माझ्या खोटेपणाने मिळून दुसरंही पोर घालवलं. आता मोज काय मोजायचं ते." पूर्वी मी कधी बोलले नव्हते असं. त्यांनी काटा ठेवला आणि बाहेर गेले, बराच वेळ लाकडं फोडत होते. अजून हो म्हटलेलं नाही. कदाचित म्हणणारही नाहीत. मी आता वाट बघत थांबणार नाही. कॉलेजला आमच्याकडून ज्या सह्या लागतात त्यातली माझी मी करून आले आहे.

फ्रिजवरचे कागद उतरवले. दार एकदम रिकामं दिसायला लागलं. खाली तुझं एक जुनं चित्र निघालं, पाच वर्षांचा असतानाचं, निळी शेळी. ते राहू दिलं.

आता तिच्यासाठी निरोप. माझ्याशी बोल म्हणू नकोस, घरी ये म्हणू नकोस. एवढंच सांग की ते दोन्ही विषय पुसून टाक. पास झालीस ते खरं होतं, मेहनत तुझी होती, पण पुसून टाक. पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बस, तो पिवळा शर्ट मागून घे. आणि कोणी विचारलं, हे तुला घरी शिकवलं नाही का, तर खुशाल नाही म्हण. मला येत नव्हतं म्हणून शिकवलं नाही, असं आईनेच सांगितलंय म्हण.

आणि तुला, एमॉस. तू त्या टेबलावर जे म्हणालास ते सगळं खरं नव्हतं. वाचायला मी शिकवलं तुला, ते तरी खरं आहे. पण बरंचसं खरं होतं, आणि ते ऐकून घेण्याऐवजी मी तुला जाऊ दिलं.

क्लोव्हर पुन्हा गाभण आहे. फेब्रुवारीत व्यायची. म्हातारी झाली आहे, या वेळीही अडेल असं वाटतं, आणि माझे हात काही केझीसारखे नाहीत. हे तिला सांगू नकोस, नाहीतर वर्ग सोडून येईल.

फोन करायचा झाला तर संध्याकाळीच कर. मी गोठ्यात असेन. बाबा समोर उभे असले तरी उचलेन, आणि कोण म्हणून विचारलं तर तुझं नाव सांगेन.

आई